हंचीचा मुखवटा आणि आपली कुमार कादंबरी

1955 साली कित्तूरला ए. के. रामानुजन यांनी एक गोष्ट उतरवून घेतली. त्या दशकात ते बेळगावच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, आणि बेळगाव जिल्हा अजून मुंबई राज्यात होता. गोष्ट कन्नड, नायिकेचं नाव हंची. पुढे अॅलन डंडीस या लोकसाहित्याच्या अभ्यासकानं सिंड्रेलाच्या जगभरच्या रूपांवर एक ग्रंथ संपादित केला. 1982 च्या त्या ग्रंथात चीन, युरोप आणि आफ्रिकेतल्या सिंड्रेलांच्या पंगतीला आपल्या कित्तूरची हंची बसली. बेळगाव-निपाणीच्या मराठी घरांतली किती मुलं तिला ओळखतात, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सोडत नाही. परीकथा नव्यानं सांगणाऱ्या कुमार कादंबऱ्यांचा आढावा घ्यायचा, तर आपल्यापुरता तो इथूनच सुरू व्हायला हवा.

गोष्ट थोडक्यात अशी. एका म्हातारीला एक मुलगा, एक मुलगी. मुलीचे केस सोन्याचे. दोघं मोठी होतात आणि एक दिवस भावाचीच नजर फिरते. तो आईला म्हणतो, हिच्याशी माझं लग्न लावून दे. आई आरडाओरडा करत नाही. लग्नाचं सामान आणायला म्हणून त्याला गावाला धाडते, कुंभाराकडे धावत जाते आणि मुलीसाठी मातीचा मुखवटा करून घेते. चेहरा आणि केस दोन्ही झाकले जातील असा. बरोबर शिदोरी देऊन त्याच रात्री ती लेकीला घराबाहेर काढते, आणि मागे स्वतः विष घेऊन मरते. मुखवटा खापराचा, कन्नडमध्ये 'हंचु'चा, म्हणून मुलीचं नाव हंची पडतं. दूरच्या गावात एक आजीबाई तिला आसरा देते, एका सावकाराच्या घरी स्वयंपाकाला लावून देते. हंचीच्या हातच्या गोड भाताची कीर्ती होते. सावकाराचा धाकटा मुलगा एकदा तिला मुखवट्याशिवाय बघतो, आणि लग्न होतं.

फ्रेंच लेखक पेरोची सिंड्रेला इथं संपते. हंची संपत नाही. त्या घरी येणंजाणं असलेला, जादूटोणा जाणणारा एक गुरुस्वामी तिच्या मागे लागतो. ती दाद देत नाही, तेव्हा तो तिच्यावर बदफैलीचा आळ घेतो. घरातले त्याच्यावर विश्वास ठेवतात आणि हंचीला पेटीत घालून त्याच्या हवाली करतात. पेटी एका रात्रीपुरती ठेवायला तो नेमकी त्याच आजीबाईचं घर निवडतो, आत पिसाळलेली कुत्री आहेत, उघडू नका, असं बजावून. आजीबाई उघडते, हंचीला बाहेर काढते आणि पेटीत खरोखरच पिसाळलेली कुत्री भरते. गुरुस्वामीचं काय होतं ते सांगायला नको. शेवटी नवऱ्याला बायको ओळखू येते ती चेहऱ्यावरून नाही, तिच्या हातच्या गोड भाताच्या चवीवरून.

रामानुजन यांनी पुढे बायकांनी सांगितलेल्या गोष्टींबद्दल एक महत्त्वाचं निरीक्षण मांडलं. राजपुत्राच्या साहसाच्या गोष्टी लग्नाशी संपतात, बायकांच्या गोष्टी बहुधा लग्नानंतर खऱ्या सुरू होतात. नवऱ्याचं घर, तिथला संशय, गप्प केलं जाणं आणि मग आपली हकिगत आपल्या तोंडानं सांगता येणं, हा त्यांचा प्रवास. परीकथा म्हणजे गोडगोड लाडू, अशी समजूत करून घेतलेल्या आपल्या बालसाहित्याला या निरीक्षणानं हलवून सोडायला हवं होतं.

जगात परीकथेची पुनर्रचना करणारी कुमार कादंबरी कशी घडली, हे बघितलं की हंचीची ताकद आणखी कळते. रॉबिन मॅकिन्लेची 'ब्यूटी' 1978 मधली, अँजेला कार्टरचा प्रौढांसाठीचा 'द ब्लडी चेंबर' 1979 मधला. तिथून हा प्रवाह जोर धरतो. यातल्या चांगल्या पुस्तकांची रीत एकच आहे. जुन्या गोष्टीनं न विचारलेला एक प्रश्न ती विचारतात आणि अख्खी कादंबरी त्याच्या उत्तरावर उभी करतात. सिंड्रेला इतकी आज्ञाधारक का? गेल कार्सन लेव्हाइनच्या 'एला एन्चांटेड'मध्ये (1997) उत्तर असं, की जन्मतःच तिला आज्ञापालनाचा शाप मिळालेला आहे, कुणी काही सांगितलं की तिला ते करावंच लागतं. मरिसा मेयरच्या 'सिंडर'मध्ये (2012) सिंड्रेला अर्धी यंत्र आहे, भविष्यातल्या बीजिंगमध्ये दुरुस्तीचं दुकान चालवते, आणि राजवाड्याच्या पायऱ्यांवर तिचा बूट नाही, धातूचं पाऊलच निखळून पडतं. नेओमी नोविकची 'स्पिनिंग सिल्व्हर' (2018) रम्पेलस्टिल्टस्किनची गोष्ट घेते आणि ती एका ज्यू सावकाराच्या मुलीच्या हाती देते. सावकार म्हणजे लोभी, हा जुन्या परीकथांतला पूर्वग्रह ती मुलगी वसुलीच्या वहीसकट आपल्यासमोर मांडते. मला स्वतःला या सगळ्यांत नोविक सर्वांत वरची वाटते, कारण तिच्या जादूला हिशेब आहे, थंडी आहे, भूक आहे.

आणि अंधार? भाऊ बहिणीवर नजर ठेवतो, हे चौदा वर्षांच्या मुलांना कसं द्यायचं, असा प्रश्न आपल्याकडे लगेच येईल. पेरोची 'गाढवाचं कातडं' आणि ग्रिम बंधूंची 'सगळ्या कातड्यांची' मुलगी याच जातीच्या आहेत. तिथं नजर ठेवणारा बाप आहे. मॅकिन्लेनं 1993 मध्ये 'डीअरस्किन' लिहिताना ती गोष्ट मवाळ केली नाही. मला वाटतं, हंचीबाबतही मवाळपणा नको. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा 2012 मध्ये आला आणि त्यानंतर शाळाशाळांत चांगला स्पर्श, वाईट स्पर्श शिकवायला सुरुवात झाली. आपल्या आज्ज्या हे काम त्याआधी किती पिढ्या गोष्टीतून करत होत्या! या गोष्टीतली सर्वांत मोठी गोष्ट मुखवटा नाहीच. आई मुलीवर अविश्वास दाखवत नाही, 'तूच काहीतरी केलं असशील' म्हणत नाही, थेट कुंभाराकडे धावते, ती ही गोष्ट. घरातच धोका असलेल्या मुलीला कुणीतरी हे सांगणं गरजेचं असतं.

आता या मुलखातल्या गोष्टींचं पुढे काय झालं ते बघू. त्यांचा प्रवास फार मोठा आहे, आणि मराठीला जवळजवळ वळसा घालून गेलेला आहे. 1865-66 च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी दक्षिण मराठा मुलखाचा दौरा केला. कोल्हापूर, बेळगाव, धारवाड हा पट्टा तेव्हा त्या नावानं ओळखला जाई. बरोबर त्यांची मुलगी मेरी होती आणि तिची आया अॅना लिबेराटा डिसूझा. अॅनाचं घराणं मूळचं लिंगायत, आजीच्या काळात ख्रिस्ती झालेलं. वाटेवर वेळ जावा म्हणून अॅनानं आपल्या आजीच्या गोष्टी सांगितल्या, मेरीनं त्या लिहून काढल्या, आणि 1868 मध्ये लंडनला 'ओल्ड डेक्कन डेज' निघालं. त्यात सोदेवाबाई नावाची राजकन्या आहे. तिचा जीव गळ्यातल्या सोन्याच्या माळेत. डोंगरात फुलं तोडताना तिचा सोन्याचा जोडा खाली पडतो, तो एका राजपुत्राच्या हाती लागतो आणि त्या जोड्याच्या मागावर लग्न जुळतं. इथंही खरी गोष्ट पुढेच आहे. सवत आपल्या दासीकडून माळ चोरवते, आणि ती दासीच ती गळ्यात घालते. माळ तिच्या गळ्यात असेपर्यंत सोदेवाबाई मेलेली, रात्री माळ उतरली की जिवंत. बायकोचा जीव दुसऱ्याच्या गळ्यात, ही प्रतिमा आजच्या एखाद्या कादंबरीकारानं पाचशे पानं पुरवावी इतकी खोल आहे. 1914 मध्ये किंकेड या इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्या श्रावणातल्या कहाण्या 'डेक्कन नर्सरी टेल्स' म्हणून इंग्रजीत नेल्या, तोही याच वाटेवरचा टप्पा.

रामानुजन यांच्या संग्रहातल्या गोष्टींचं भाग्य आणखी मोठं. दोन घागरी पाण्यानं फुलझाड होणाऱ्या आणि पुन्हा दोन घागरींनी मुलगी होणाऱ्या नायिकेची कन्नड गोष्ट घेऊन गिरीश कार्नाड यांनी 1992 मध्ये 'चेलुवी' हा चित्रपट केला. सोनाली कुलकर्णीचं पदार्पण तेच. 2006 मध्ये व्हिएन्नात जॉन अॅडम्सच्या 'अ फ्लॉवरिंग ट्री' या ऑपेरातून तीच मुलगी रंगमंचावर आली. झाड झालेल्या वहिनीच्या फांद्या पोरीबाळी खेळताखेळता ओरबाडतात, आणि पुन्हा माणूस होताना ती हातापायांविना, अर्धवट राहते, हा प्रसंग एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. कार्नाड यांचं 'नागमंडल' (1988) रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या दोन कथांवर उभं आहे. एकीत नाग नवऱ्याचं रूप घेऊन येतो, दुसरीत बाईनं पोटात दाबून ठेवलेली गोष्ट तिच्यावर सूड घेते. विजयाबाई मेहतांनी ते मराठीत आणलं, एवढा तरी आपला वाटा.

बेळगाव जिल्ह्यातल्याच घोडगेरीचे चंद्रशेखर कंबार यांचं काम तर सरळ आपल्या अंगणातलं. त्यांच्या 'सिरिसंपिगे'ला 1991 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुढे त्यांना ज्ञानपीठ मिळालं. त्यांच्या 'महामायी' नाटकात मृत्युदेवतेनं वाढवलेला मुलगा वैद्य होतो आणि एका राजकन्येसाठी आपल्या आईशीच भांडण मांडतो. ग्रिम बंधूंच्या संग्रहात मृत्यू गॉडफादर होऊन एका मुलाला वैद्यकी शिकवतो, ती हीच कथा, पण कंबारांनी मृत्यूला आई केलं आणि नात्याचा सगळा तोलच बदलून टाकला. परीकथा नव्यानं सांगणं म्हणजे काय, याचा धडा हवा असेल तर बेळगावच्या लेखकाला लंडनला जायची गरज नाही, घटप्रभेपर्यंत गेलं तरी पुरे.

मग मराठीत काय? अद्भुताची आपल्याला ओळख नाही असं मुळीच नाही. 'मुक्तामाला' 1861 ची, 'मंजुघोषा' 1868 ची. सुरुवातीच्या मराठी कादंबऱ्यांत अद्भुतरम्यतेचा मोठा वाटा होता. नाथमाधवांचा 'वीरधवल' कित्येक पिढ्यांनी रात्र जागून वाचला. 'चांदोबा' घरोघरी आला. रत्नाकर मतकरींनी 'अलबत्या गलबत्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस' लिहून चेटकीण आणि राक्षस यांना रंगमंचावर असं आणलं, की नातवंडांच्या पिढीनंही ती चेटकीण डोक्यावर घेतली. 'किशोर' 1971 पासून निघतो आहे. हॅरी पॉटर 'परीस' शोधत मराठीत आला. पण लहान मुलांचं अद्भुत आणि मोठ्यांचं वास्तव यांच्या मध्ये बारा ते सोळा वयाचा जो वाचक उभा असतो, त्याला आपण एक तर शौर्यकथा देतो, नाही तर अनुवाद. आपल्याच लोककथेला प्रश्न विचारणारी, त्या वयाच्या वाचकाला भिडणारी मोठी कादंबरी नसणं ही आपली उणीवच आहे, आणि सीमाभागात ती दुप्पट जाणवते.

दुप्पट अशासाठी, की अशी कादंबरी लिहायला लागणाऱ्या दोन गोष्टी याच मातीत वेगवेगळ्या पिकल्या. एक जी. ए. कुलकर्णींकडे. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्यात 1923 मध्ये जन्मलेले, बेळगावात शिकलेले, पुढे अनेक वर्षं धारवाडला शिकवणारे जीए. 'रमलखुणा'तली 'इस्किलार', 'पिंगळावेळ'मधली 'ऑर्फियस' आणि डॉन किहोतेला पुन्हा वाटेवर आणणारी 'यात्रिक' या जुन्या दंतकथांना नवा जीव देणाऱ्या कथा आहेत. जेम्स स्टीफन्सची आयरिश परीकथांवर बेतलेली कादंबरी त्यांनी 'सोन्याचे मडके' म्हणून मराठीत आणली. 'बखर बिम्मची' आणि 'मुग्धाची रंगीत गोष्ट' ही मुलांची पुस्तकं लिहिली. म्हणजे बिम्मच्या वयाला आणि इस्किलारच्या वयाला त्यांनी हात दिला, मधलं वय मात्र तसंच राहिलं. जीएंचं अद्भुत अतिशय भव्य आहे, पण ते वाळवंटात, अनाम नगरांत, समुद्राकाठी घडतं. एकसंब्याच्या शिवारात ते उतरत नाही.

दुसरी गोष्ट प्रकाश संतांकडे. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' या चार पुस्तकांत आजीआजोबांकडे राहणारा लंपन आहे, सीमाभागातलं गाव आहे, आणि कन्नडचा हेल अंगात मुरलेली, मुलाच्या तोंडात शोभणारी मराठी आहे. ही भाषा कोशात मिळत नाही. 2024 मध्ये 'लंपन' मालिकेला इफ्फी चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार मिळाला, तेव्हा या भाषेची गोडी दूरवर पोचली. प्रकाश संतांच्या आई इंदिरा संत बेळगावच्या. त्यांनी 'मालनगाथे'त बायकांच्या ओव्या जमवल्या आणि त्यांतून एक बाई उभी केली. आईकडे लोकपरंपरेतली बाई, मुलाकडे सीमेवरचा मुलगा. लंपनच्या बोलीत हंचीची गोष्ट, जीएंच्या धैर्यानं सांगितलेली, असं पुस्तक मला हवं आहे.

ते कुठं घडेल? मला उत्तर निपाणीत दिसतं. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बाया नाकातोंडावर फडकं घट्ट बांधतात. जर्दा चाळताना उडणारी धूळ डोळ्यांतून, घशातून आत जाते, खोकल्याची उबळ येते, आणि दिवसभर शेजारणीचे फक्त डोळे दिसतात. त्या बायांनी केलेल्या लढ्यावर 'तंबाकू चाकिला ऊब आली' हा माहितीपट 1982 मध्ये निघाला. त्याच्या आदल्याच वर्षी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी निपाणीला हमरस्ता अडवला होता आणि पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं गेली होती. आपली पिठाची गिरणी चालवता चालवता महादेव मोरे यांनी याच निपाणीतली कष्टकरी माणसं कथा-कादंबऱ्यांत आणली. अशा वखारीत एक नवी पोर येते. सगळ्या बाया सुट्टीला फडकं सोडून भाकरी खातात, ही सोडत नाही. तिच्या फडक्याखाली मातीचा मुखवटा आहे आणि त्याखाली सोन्याचे केस आहेत. सावकार वखारीचा मालक होईल, गुरुस्वामी कोण होईल ते गावोगावच्या वाचकाला सांगावं लागणार नाही, आणि आजीबाई कन्नड बोलणारी असेल. मेयरनं सिंड्रेलाला धातूचं पाऊल दिलं ते ज्या हिमतीनं, त्याच हिमतीनं हे फडकं कुणीतरी उचललं पाहिजे. खुलभर दुधाच्या कहाणीतही असंच एक बीज आहे. राजा दवंडी पिटून गावभरचं दूध देवळात ओतवतो तरी गाभारा भरत नाही, आणि लेकरांना, वासरांना पाजून उरलेलं खुलभर दूध घेऊन आलेल्या म्हातारीमुळे तो भरतो. सत्तेनं मागितलं तेव्हा आधी घरच्या भुकेल्यांचा विचार करणारी ती म्हातारी तरुणपणी कोण होती, हा एक उत्तम कादंबरीचा प्रश्न आहे.

हे आजवर का झालं नाही, याची कारणं शोधताना सीमाभागातल्या लेखकांना दोष देता येणार नाही. 1946 मध्ये माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात साहित्य संमेलन झालं, त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. 1956 मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. तिथून पुढे इथल्या मराठी माणसाची शक्ती शाळा टिकवण्यात, पाट्या टिकवण्यात, खटले लढवण्यात गेली. 2004 पासून सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. हा लढा न्याय्य आहे असंच मी मानतो. पण त्याची एक किंमत आपण मोजली. कन्नड आज्जीकडून आलेली गोष्ट 'त्यांची' ठरली, आणि आपण आपल्या मुलांसाठी शिवचरित्राकडे वळलो. प्रत्यक्षात कागक्का-गुब्बक्काची गोष्ट आणि चिऊ-काऊची गोष्ट यांत फरक किती? सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर चौंडकं वाजतं तेव्हा गर्दीत मराठी जोगती कोण आणि कन्नड कोण, हे दुरून कळत नाही. मंगसुळीच्या खंडोबाला दोन्ही भाषांत नवस बोलले जातात. लोककथेला राज्य पुनर्रचना आयोग लागू झालेला नाही, आणि मराठी लेखकानं तो लागू करू नये.

दुसरं कारण आपल्या शहरी संपादनाचं आहे. सीमेवरची बोली 'शुद्ध' करून छापायची, आणि गोष्टीतलं जे काही टोचेल ते काढून टाकायचं, या दोन सवयींनी किती हस्तलिखितं निस्तेज झाली असतील! कुमारवयाच्या वाचकाला टोचलेलं चालतं. त्याला चालत नाही ते उपदेशाचं गुंडाळलेलं पाकीट. आणि किल्ले, ड्रॅगन, हिमवर्षाव उसने आणले तर तेही तो लगेच ओळखतो, कारण मूळ इंग्रजी पुस्तकं आता त्याच्या मोबाइलमध्ये आहेत. त्याला जे दुसरीकडे कुठंच मिळणार नाही, ते दिलं तरच तो मराठी पान उलटेल.

म्हणून काही विनंत्या. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी इथं दरवर्षी गावकरी पदरमोड करून मराठी साहित्य संमेलनं भरवतात. त्या मांडवात एक सत्र आज्ज्यांसाठी ठेवा, त्यांना गोष्ट ज्या भाषेत आठवेल त्या भाषेत सांगू द्या आणि रेकॉर्ड करा. खानापूर, चिकोडी, निपाणी, बेळगाव इथल्या मराठी शाळांतल्या शिक्षकांनी आठवी-नववीच्या मुलांना सुट्टीत घरची एकेक गोष्ट लिहून आणायला सांगावी, सांगणाऱ्या बाईचं नाव आणि गाव तिच्या परवानगीनं खाली लिहावं, आणि भाषा सुधारू नये. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांनी सीमाभागातल्या नव्या लेखकाकडे कुमारांसाठी तीनशे पानांची अद्भुत कादंबरी मागावी आणि तिच्यातली 'आज्जी' दुरुस्त करू नये. आणि वाचकहो, तुमच्या घरात ऐंशीच्या पुढची कुणी असेल, तर हा अंक बाजूला ठेवा आणि तिला आज संध्याकाळीच विचारा, मातीचा मुखवटा घालणाऱ्या पोरीची गोष्ट तुला माहीत आहे का.